रिकाम्या नळीची साक्ष

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची एका प्रयोगशाळेत काम करते. रक्तातल्या पेशींच्या पोटात काय चाललंय, हे पाहणं हे तिचं काम. मी तिच्या शहरात गेलो होतो, तर म्हणाली, "मामू, एकदा येऊन बघाच तुम्ही." गेलो. गार, अंधाऱ्या खोलीत एक यंत्र होतं आणि त्याच्यासमोर संगणकाचा पडदा. पडद्यावर ठिपक्यांचे थवे. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी, असं तिनं सांगितलं. डावीकडे खाली दाट गर्दी आणि उजवीकडे वर, गर्दीतून सुटून गेलेले थोडेसे ठिपके. "या पेशींनी विषाणूला ओळखलं. त्यांच्या पोटात संदेश तयार झालाय. तोच चमकतोय," ती म्हणाली. मुशायऱ्यात निघून जावा तसा माझ्या तोंडून शब्द गेला, "वाह!"

"इतक्यात दाद देऊ नका," ती म्हणाली. "आता ही बघा." तिनं दुसरी नळी यंत्राला लावली. तिच्यात त्याच माणसाचं रक्त होतं, तेच रंग होते. फक्त विषाणूचा अंश घातलेला नव्हता. म्हणजे पेशींना चिथावणारं काही नव्हतंच. पडद्यावर पुन्हा ठिपके उमटू लागले. डावीकडे तशीच गर्दी आणि उजवीकडे वर जवळजवळ तेवढेच चमकणारे ठिपके!

भाची काही बोलली नाही. वहीत तिनं तारीख घातली आणि पुढे एकच शब्द लिहिला, 'रद्द'. तीन आठवड्यांचं काम गेलं.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला त्या पहिल्या पडद्यावरचं सगळं खरं वाटलं होतं. सुंदर होतं म्हणूनच खरं वाटलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ती दुसरी नळी नसती तर? या एका प्रश्नापायी मी पुढे बरंच वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे. ही गोष्ट पेशीच्या आत डोकावण्याची आहे, आणि जे दिसलं त्यावर लगेच विश्वास न ठेवण्याचीही आहे. माणूस या दोन्ही गोष्टी बरोबरीनं शिकत गेला.

आधी त्या संदेशाविषयी. 'सायटोकाइन' हा शब्द २०२० साली करोनाबरोबर आपल्या घराघरांत आला. 'रुग्णाच्या शरीरात सायटोकाइनचं वादळ उठलं' अशी वाक्यं वर्तमानपत्रांत येऊ लागली. वादळाच्या नावानं आलेला हा शब्द मुळात मात्र फार सौम्य आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेली चिठ्ठी. 'शत्रू आलाय, सावध राहा', 'इकडे या', 'आता पुरे, थांबा' असे निरोप या बारीक प्रथिनांमधून जातात. निरोप वेळेवर आणि बेताचे गेले तर माणूस बरा होतो. ते बेसुमार सुटले की त्याचं वादळ होतं.

अशा निरोपाचा एक मोठा शोध लागला तो १९५७ साली, लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत. ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमान हे दोघे कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे घेऊन काम करत होते. त्यांनी उष्णतेनं निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू त्या तुकड्यांना दाखवला. नंतर भोवतालचं पाणी काढून नव्या तुकड्यांवर घातलं, तर नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणूचं फारसं काही चालेना. म्हणजे पहिल्या पेशींनी पाण्यात काहीतरी सोडलं होतं. त्याला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिलं. पुढे असे अनेक निरोप सापडत गेले आणि १९७४ साली या सगळ्या गोतावळ्याला सायटोकाइन हे नाव मिळालं.

निरोप सापडला, तरी तो कोणी लिहिला हे कसं कळणार? रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, आणि त्याही एका जातीच्या नसतात. रक्तातल्या पाण्यात अमुक इतकं इंटरफेरॉन आहे, हे मोजता येत होतं. पण ते दहा पेशींनी सोडलं की दहा हजारांनी, कोणत्या जातीच्या पेशींनी, हे त्यातून कळत नव्हतं. गावात शंभर पत्रं येऊन पडली, पण पाठवणाऱ्याचं नाव एकावरही नाही, असा तो प्रकार होता.

हे नाव शोधायला मदत झाली ती रंगांची. आणि ते रंग आले कापड रंगवणाऱ्या धंद्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले होते. त्या रंगांचं वेड लागलेला एक वैद्यकीचा विद्यार्थी होता, पॉल एर्लिक. १८७८ साली त्यानं पदवीचा प्रबंध लिहिला तोच पेशी रंगवण्यावर. काचपट्टीवर रक्त पसरून, वाळवून, निरनिराळे रंग घालून त्यानं दाखवलं, की पांढऱ्या पेशी सगळ्या सारख्या नसतात. कुणी हा रंग घेते, कुणी तो. याच एर्लिकला रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफबरोबर विभागून मिळालं.

त्याच काळातला दुसरा रंग म्हणजे फ्लुओरेसीन. तो अडोल्फ फॉन बायर यानं १८७१ साली तयार केला. हाच बायर पुढे प्रयोगशाळेत नीळ तयार करायला शिकला, आणि १८९७ पासून ती कारखान्यातली नीळ बाजारात आल्यावर आपल्याकडची बिहार-बंगालची निळीची शेती बसली. फ्लुओरेसीनचा गुण असा, की त्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. थेंबभर असलं तरी दिसतं. १८७७ साली दक्षिण जर्मनीत एक जुना वाद होता. डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी जमिनीत गडप होतं, ते जातं कुठे? तिथे नदीत दहा किलो रंग ओतला, आणि सुमारे अडीच दिवसांनी काही मैलांवरच्या आख नावाच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. जमिनीच्या पोटातली वाट रंगानं दाखवली होती.

हाच रंग पेशीच्या पोटातली वाट दाखवील, हे सुचायला आणखी साठ-पासष्ट वर्षं जावी लागली. आपल्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात. प्रत्येक प्रतिपिंड एका ठराविक वस्तूलाच जाऊन चिकटतं. प्रतिपिंडाच्या शेपटीला चमकणारा रंग बांधला तर ते जिथे चिकटेल तिथे दिवा लागेल, अशी कल्पना अमेरिकेतल्या अल्बर्ट कून्स या तरुण डॉक्टरला १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये भटकताना सुचली. हार्वर्डला परतून त्यानं आणि सहकाऱ्यांनी ती १९४१ मध्ये खरी करून दाखवली.

पण गंमत अशी, की या कथेतला पहिला खोटा उजेडही तिथेच भेटतो. कून्सनं पहिल्यांदा वापरलेला रंग निळा चमकणारा होता. आणि शरीरातल्या ऊतींना स्वतःचीच एक निळसर चमक असते! आपण लावलेला दिवा कोणता आणि घरातला मूळचा उजेड कोणता, हे वेगळं सांगणं अवघड झालं. म्हणून तो १९४२ पर्यंत हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळला. धडा मात्र कायमचा राहिला. दिवा लागलेला दिसला तर आधी विचारायचं, हा मी लावलाय का?

पुढचा प्रश्न होता मोजणीचा. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चमकणाऱ्या पेशी एकेक मोजायच्या, तर माणसाचे डोळे थकतात. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लिओनार्ड हर्झेनबर्ग यांचे थकले. हे काम करणारं यंत्र असलंच पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली पेशी वेगळ्या करणारं एक यंत्र केलं होतं. त्यातली युक्ती शाईचे थेंब फेकून कागदावर लिहिणाऱ्या यंत्रावरून घेतलेली होती. हर्झेनबर्ग यांनी त्याचे आराखडे मिळवले. १९६९ मध्ये त्यांच्या गटानं चमकणाऱ्या पेशी वेगळ्या करणारं यंत्र जाहीर केलं, आणि १९७२ पर्यंत त्यात लेझर आला.

हे यंत्र, म्हणजे फ्लो सायटोमीटर, कसं चालतं? यात्रेला गर्दी लोटलेली असते, पण देवळाच्या किंवा दर्ग्याच्या दाराशी बांबू बांधून एकेक माणूस आत सोडतात ना, तसं. पेशी पाण्याच्या बारीक धारेत एकामागून एक लेझरसमोरून जातात. प्रत्येकीवर प्रकाश पडतो, ती किती चमकली याची नोंद होते, आणि हे सेकंदाला हजारो पेशींच्या वेगानं. १९७५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची शुद्ध प्रतिपिंडं हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. तिचं पेटंट घेतलं गेलं नाही. त्यामुळे जगभर कुणालाही ती वापरता आली. आता यंत्र होतं, रंग होते, नेमकी प्रतिपिंडं होती.

तरीही आतला निरोप दिसत नव्हता, कारण पेशी तो लिहिल्याबरोबर बाहेर टाकते. शिवाय प्रतिपिंडं पेशीच्या भिंतीतून आत जात नाहीत. यावर उत्तर निघालं ते तीन पायऱ्यांनी. पहिली पायरी, निरोप बाहेर जाण्याची वाट अडवायची. बुरशीपासून मिळणारा ब्रेफेल्डिन ए नावाचा पदार्थ पेशीतली ही वाहतूक थांबवतो. डाकेची गाडीच निघाली नाही तर पत्रं कचेरीत साठणार, तशी सायटोकाइन्स पेशीतच साठत जातात. दुसरी पायरी, फॉर्माल्डिहाइडनं पेशी आहे तशी गोठवायची. तिसरी पायरी, भिंतीला भोकं पाडायची. त्यासाठी वापरतात सॅपोनिन. आपल्या रिठ्याला जो फेस येतो तो याच वर्गातल्या द्रव्यांमुळे. ही भोकं मोठी लबाड असतात. सॅपोनिन धुऊन टाकलं की ती पुन्हा मिटतात. म्हणून प्रत्येक धुण्याच्या पाण्यात ते ठेवावंच लागतं. एवढंसं विसरलं की आतला दिवा लागतच नाही.

स्टॉकहोमच्या बी. सँडर, जे. अँडरसन आणि यू. अँडरसन यांनी १९९१ मध्ये फॉर्माल्डिहाइड आणि सॅपोनिनची ही रीत सविस्तर मांडली. १९९३ साली थॉमस युंग आणि सहकाऱ्यांनी निरोप अडवण्याची युक्ती आणि फ्लो सायटोमीटर यांची सांगड घातली. १९९५ मध्ये अमेरिकेत काल्मन प्रसिन आणि डीन मेटकाफ यांनी, तसंच लुई पिकर यांच्या गटानं ती रीत आणखी पक्की केली. आता एका पेशीकडे बोट दाखवून सांगता येऊ लागलं, की ही अमुक जातीची पेशी आहे आणि हिनं हा निरोप लिहिला आहे.

आणि इथूनच खरी अडचण सुरू झाली. कारण आपण शोधत असतो तो आकडा फार लहान असतो. एखाद्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी हजारात एक, कधी दहा हजारांत एक. एवढ्या लहान आकड्याच्या शेजारी थोडा जरी खोटा उजेड असला तरी तो खऱ्याला गिळून टाकतो. समजा पन्नास हजार पेशी मोजल्या आणि पन्नास चमकल्या. ऐकायला बरं वाटतं. पण विषाणू न दाखवताही पंचेचाळीस चमकत असतील तर? मग हाती उरतात पाच, आणि पाचाचा भरवसा काय?

खोटा उजेड येतो तरी कुठून? पेशीची स्वतःची चमक असते, ती कून्सला भेटलीच होती. मेलेल्या पेशी गोंदासारख्या असतात. कोणतंही प्रतिपिंड त्यांना जाऊन चिकटतं. काही जिवंत पेशीही प्रतिपिंडाची शेपटीच धरून ठेवतात, त्याला काय ओळखायचंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आणि एकाच वेळी पाच-सात रंग वापरले की एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या खिडकीत सांडतो.

म्हणून हे काम करणारे लोक खऱ्या नळीच्या भोवती साक्षीदारांच्या नळ्या बसवतात. त्यांना ते कंट्रोल म्हणतात. पहिली साक्षीदार नळी म्हणजे माझ्या भाचीनं मला दाखवली ती. सगळं तेच, फक्त चिथावणी नाही. आम्ही घरात तिला रिकामी नळी म्हणतो, तशी ती रिकामी नसते. तिच्यात जेवढं चमकेल तेवढं खऱ्या नळीतून वजा करायचं. दुसरी नळी याच्या उलट. तिच्यात पेशींना जोरदार चिथावणी देतात, की त्यांनी चमकलंच पाहिजे. ती चमकली नाही तर समजायचं, रक्त शिळं आहे किंवा आपलं काही चुकलं आहे. अशा वेळी खऱ्या नळीत आलेलं शून्य हे शून्य नसतं, तो नुसता बिघाड असतो. पण या साक्षीदारालाही उलटतपासणी लागते. चिथावणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका रसायनामुळे पेशीच्या अंगावरची सीडी४ ही ओळखीची खूणच आत ओढली जाते. पेशी चमकते, पण ती कोणत्या जातीची हे सांगता येईनासं होतं.

तिसरी नळी मला सगळ्यांत हुशार वाटते. तिच्यात आधी रंग न लावलेली तीच प्रतिपिंडं भरपूर घालतात. ती सगळ्या खऱ्या जागा अडवून बसतात. मग रंगीत प्रतिपिंडं घालतात. आता उजेड विझला पाहिजे, कारण बसायला जागाच नाही. तरीही तो दिसला, तर तो निरोपाचा नव्हताच, नुसता चिकटलेला होता. प्रसिन आणि मेटकाफ यांनी या पडताळणीवर भर दिला होता. चौथ्या नळीत बाकी सगळे रंग घालून एकच वगळतात, म्हणजे बाकीच्यांचा उजेड त्याच्या खिडकीत किती सांडतो हे कळतं. त्याखेरीज मेलेल्या पेशी ओळखून वेगळ्या काढणारे रंगही आहेत. एकाच माणसाचं गोठवून ठेवलेलं रक्त दर वेळी बरोबर तपासणं हीदेखील चांगली रीत आहे. त्याचा आकडा अचानक बदलला तर बदल रक्तात नाही, आपल्या हातात झाला आहे, हे ओळखायचं.

एवढं करूनही माणूस उरतोच. पडद्यावर ठिपके दिसल्यावर त्यांच्याभोवती रेघ ओढावी लागते. रेघेच्या आतले चमकणारे, बाहेरचे नाहीत. ही रेघ केसभर खाली सरकवली की आकडा दुप्पट होऊ शकतो. एचआयव्हीच्या लशींवर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांनी मिळून एक परीक्षा घेतली. तिचा अहवाल होल्डन मेकर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. नमुने सगळ्यांना सारखे पाठवले होते, तरी प्रयोगशाळांच्या आकड्यांतली सरासरी तफावत १७ ते ४४ टक्के निघाली. चमकणाऱ्या पेशी अर्ध्या टक्क्याहून जास्त होत्या तिथे ती १८ ते २४ टक्क्यांवर आली. पण जिथे त्या दशांश टक्क्याहूनही कमी होत्या, तिथे तफावत ५७ ते ८२ टक्क्यांवर गेली. मोठं कारण काय, तर ही रेघ! सगळ्यांचे ठिपके एकाच ठिकाणी आणून एकाच साच्यानं रेघा ओढल्या तेव्हा तफावत कमी झाली. रेघ आधी साक्षीदार नळीवर ठरवायची आणि मग तीच उचलून खऱ्या नळीवर ठेवायची. निकाल पाहून रेघ ओढायची नाही. मला वाटतं हा नियम प्रयोगशाळेबाहेरही चालावा.

तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशासाठी? पेशी चार कमी की चार जास्त, कुणाचं काय अडलं? अडतं. १९६६ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला तान्ह्या मुलांना एक नवी लस दिली. आरएसव्ही नावाचा विषाणू लहानग्यांच्या छातीत उतरतो, त्याच्यावरची. फॉर्मालिननं मारलेल्या विषाणूची ही लस. पुढे साथ आली तेव्हा लस घेतलेली मुलं वाचायची तर उलट जास्त आजारी पडली. लस घेऊन संसर्ग झालेल्यांपैकी ८० टक्के मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. तुलनेच्या गटातल्या, ही लस न घेतलेल्या मुलांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन मुलं दगावली. तो तुलनेचा गट नसता तर साथच जबर होती, असं म्हणून सगळे मोकळे झाले असते. पेशींनी नको त्या जातीचे निरोप लिहिले, हे त्यामागचं एक कारण असल्याचं पुढे लक्षात आलं. १९८६ मध्ये टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन यांनी उंदरांमध्ये दाखवलं होतं, की मदतनीस टी पेशींचे दोन गट असतात. एक गट इंटरफेरॉन गॅमा लिहितो, दुसरा इंटरल्युकिन ४. म्हणजे निरोप किती एवढंच नव्हे, कोणता, हेही बघायला हवं.

म्हणूनच २०२० साली करोनाच्या लशी आल्या तेव्हा शास्त्रज्ञांनी नुसती प्रतिपिंडं मोजली नाहीत. मॉडर्नाच्या लशीच्या पहिल्या चाचणीचा अहवाल जुलै २०२० मध्ये आला, त्यात टी पेशींच्या पोटातले निरोपही तपासलेले होते. पहिल्या गटाचे निरोप दिसले, दुसऱ्या गटाचे अगदीच थोडे. पन्नास-चोपन्न वर्षांपूर्वीच्या त्या मुलांची आठवण त्या आकड्यांमागे होती.

आणखी एक गोष्ट सांगतो, तिनं मला फार विचारात पाडलं. एचआयव्हीवरची मर्क कंपनीची एक लस होती. 'स्टेप' या नावानं तिची चाचणी चालली होती, सुमारे तीन हजार स्वयंसेवकांवर. लस घेतलेल्या बहुतेकांच्या टी पेशी विषाणूला ओळखून निरोप लिहीत होत्या. मोजणी काटेकोर होती, साक्षीदार नळ्या होत्या. आशा वाढली होती. सप्टेंबर २००७ मध्ये चाचणीत लस देणं थांबवावं लागलं. लशीनं संसर्ग टळत नव्हता. उलट काही पुरुषांमध्ये तो जास्त दिसत होता. नळीनं खोटं सांगितलं नव्हतं. पेशींनी निरोप लिहिला होता हे खरंच होतं. पण तेवढ्यानं माणूस वाचतो, हे कुणी सिद्ध केलं नव्हतं. ते कशावरून कळलं? लशीऐवजी नुसतंच निरुपद्रवी इंजेक्शन घेतलेल्या गटावरून. नळीच्या जगात जी रिकामी नळी, तीच माणसांच्या जगात हा गट. आपल्या पुण्यातही भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००५ मध्ये देशातली पहिली एचआयव्ही लस-चाचणी सुरू झाली होती. लस दुसरीच, पण रीत तीच. ती लस सुरक्षित ठरली, पण पेशींचा प्रतिसाद बेताचाच निघाला. आशेचा आकडा फुगवून सांगितला गेला नाही, याचं मोल मला आता कळतं. त्या स्वयंसेवकांतल्या कुणाला लस मिळाली, कुणाला नाही. ज्यांना नाही मिळाली त्यांनीही तेवढंच दान दिलं. त्यांच्याविना लशीबद्दलचं काही कळलंच नसतं.

आम्हा लिहिणाऱ्यांना चमकणाऱ्या गोष्टीची ओढ असते. दाद मिळाली की ओळ खरी वाटू लागते. पण चिथावणी नसतानाही तीच ओळ तितकीच चमकली असती का, असं स्वतःला विचारणारा विरळा. मी तरी त्या दिवसापर्यंत विचारलं नव्हतं.

भाचीचा महिन्याभरानं फोन आला. चूक सापडली होती. रक्ताचा नमुना रात्रभर प्रवासात राहिला होता, बऱ्याच पेशी मेल्या होत्या. आणि मेलेल्या पेशी ओळखणाऱ्या रंगाचा साठा जुना झाला होता. तो नीट लागलाच नव्हता. नवा रंग, ताजं रक्त घेऊन तिनं सगळं पुन्हा केलं होतं.

"किती चमकल्या?" मी विचारलं.

"पन्नास हजारांत एकतीस. मागच्यापेक्षा खूप कमी आहेत, मामू."

पूर्वीचा मी असतो तर तेवढ्यावर काहीतरी बोललो असतो. पण आता मी विचारलं, "आणि रिकाम्या नळीत?"

ती हसल्याचं फोनवरही कळलं. "दोन," ती म्हणाली.

मग मी वाह म्हटलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)